गल्लीत एकच ई-मेल

आमच्या गल्लीत ई-मेल एकच होता, आणि तो माझा होता. हापशी जशी सगळ्यांची, निंबाची सावली जशी सगळ्यांची, तसा हाही हळूहळू सगळ्यांचा झाला. नाव तेवढं माझं राहिलं, आणि पुढं जी काही शोभा झाली तीही नावासोबत माझ्याच वाट्याला आली.

मी गुलाबराव, राहणार धाड. एसटीत वाहतूक नियंत्रक होतो, म्हणजे स्टँडवर काचेच्या खोलीत बसून कोणती गाडी कुठं लागली ते माईकवर सांगणारा. सारी नोकरी माईकवर शुद्ध बोलण्यात गेली, म्हणून लिहिताना शुद्ध येतं. भांडताना मात्र वऱ्हाडीच येते, त्याला इलाज नाही. निवृत्तीच्या कागदांना ई-मेल लागतो असं कळलं तेव्हा बुलडाण्याला जाऊन एक काढून आणला. मला वाटलं होतं, काढायचा आणि पेटीत ठेवून द्यायचा, जातीच्या दाखल्यासारखा. पण ई-मेल म्हणजे दारात बांधलेली दुभती म्हैस. आणली की लोक वाटी घेऊन येतातच.

पहिला आला पुंजाजी. हा माझा शेजारी, शाळासोबती आणि गावातल्या कोणत्याही विषयावर न विचारता सल्ला देणारा माणूस. गॅसच्या अर्जात ई-मेलचा रकाना होता, त्यानं माझा लिहून टाकला. मी जाब विचारला तर म्हणाला, लग्नपत्रिकेवर शेजाऱ्याचा फोन नंबर चालतो तर इथं काऊन नाही. मग समोरचे मतीनभाई आले. त्यांचा कुलर आणि लोखंडी कपाटं बनवायचा कारखाना आहे, त्यांना कसलीशी नोंदणी करायची होती. मग उकंडराव आले, मग पीकविमेवाले, परीक्षेवाले, रेशनवाले. थोड्याच दिवसांत माझ्या ई-मेलमध्ये सगळ्या गल्लीचे आधार, जन्मदाखले, फोटो आणि सह्या येऊन बसल्या.

आता दर वेळी मला झोपेतून उठवायला नको, म्हणून पासवर्ड ओसरीतल्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवला, दूधवाल्याच्या नंबरच्या खाली. तुम्ही हसाल. पण आमच्या गल्लीत गावाला जाताना घराची किल्ली मतीनभाईंच्या राबियाभाभींकडं देतात, आणि ती तिथं आहे हे सगळ्यांना माहीत असतं. आजवर कुणाची चमचाभर साखर गेली नाही. पासवर्ड म्हणजे तरी दुसरं काय, किल्लीच ना. ज्याला मेल पाहायचा तो भिंतीवर पाहून आपापल्या फोनवर उघडायचा. मग माझा फोन मला विचारायचा, नवीन फोनवरून तुमचं खातं उघडलं आहे, तुम्हीच का? मी दाबायचो, होय, मीच. दिवसातून कितीदा तरी मी तो असायचो.

या सगळ्यात ज्या मेलची खरी वाट पाहणं चालू होतं तो एकच होता, आणि तो अलीजाचा. अलीजा मतीनभाईंची मुलगी, बारावी झालेली, नर्सिंगला जायचं म्हणून हट्टाला पेटलेली. साऱ्या गल्लीचं ब्लड प्रेशर तीच मोजायची, माझं लोणचं तिनंच बंद केलं. गेल्या वर्षी तिचा नंबर थोडक्यात हुकला होता. या वर्षी नाही लागला तर मुकाट्यानं कारखान्याच्या हिशेबाला बसेन, असं तिनं स्वतःच बापाला कबूल केलं होतं. अर्जात ई-मेल अर्थातच माझा. स्वतः उघडून पाहायचा तिला धीर होत नसे, म्हणून रोज सकाळी यायची, ओसरीच्या खांबाला टेकून विचारायची, काका, आला का काही. मी नाही म्हटलं की हसून जायची. ते हसणं दिवसेंदिवस बारीक होत चाललं होतं.

अशात बीबी गावाहून बातमी आली की आमच्या मेहुण्यांचा, अर्जुनरावांचा, ई-मेल चोरांनी पळवला. नुसता पळवला नाही, तर त्यांच्या नावानं साऱ्या नातेवाइकांना मेल लिहिला की एका योजनेत तुमचं नाव घालतो आहे, आधारचा फोटो आणि जन्मतारीख लगेच पाठवा. आमचे नातेवाईक लग्नाच्या आहेराला उत्तर देत नाहीत, पण या मेलला अर्ध्या लोकांनी त्याच दिवशी उत्तर दिलं. मी हादरलोच. एकट्या अर्जुनरावांच्या ई-मेलची ही गत, तर माझ्याकडं अख्खी गल्ली होती.

योगायोगानं त्याच आठवड्यात बुलडाण्याला एका सभागृहात ई-मेलच्या फसवणुकीवर कार्यक्रम होता. मी जाऊन पहिल्या रांगेत बसलो. बोलणाऱ्या बाई तरुण होत्या, पण काय बोलत होत्या. त्यांनी एकेक खूण सांगितली. जो मेल घाई करतो तो संशयाचा. जो धाक दाखवतो किंवा फुकटची आनंदाची बातमी देतो तो संशयाचा. नाव न घेता नुसतं प्रिय ग्राहक म्हणतो, लिंक दाबायला लावतो, आधार नाहीतर पासवर्ड मागतो, तो तर पक्का संशयाचा. पाठवणाऱ्याचा पत्ता नीट वाचा, नुसत्या नावावर जाऊ नका. मी भराभर लिहून घेत होतो. मग बाई म्हणाल्या, आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ऐका. नेमकं तेव्हाच मी घड्याळ पाहिलं, आणि धाडची गाडी सुटायची वेळ झालेली. ज्यानं जन्मभर उशिरा येणाऱ्या प्रवाशांना झापलं त्यानं स्वतः गाडी चुकवायची? मी उठलो आणि निघालो. महत्त्वाची गोष्ट तेवढी राहिली, पण खुणा सगळ्या खिशात होत्या. त्या दिवशी गाडीत मला बसवत नव्हतं, इतका उत्साह अंगात भरला होता.

दुसऱ्या दिवसापासून मोहीम सुरू झाली. संध्याकाळी गल्ली माझ्या ओट्यावर जमायची, मी चष्मा लावून एकेक मेल मोठ्यानं वाचायचो, त्याच्या खुणा तपासायचो आणि निकाल द्यायचो. नकली निघाला की नुसता काढायचा नाही, कचरापेटीत टाकून कचरापेटीही रिकामी करायची. बिनतिकीट माणसाला गाडीतून उतरवताना जे समाधान मिळतं ते मला रोज घरबसल्या मिळू लागलं. सगळ्यांना मी एक गोष्ट पाठ करायला लावली होती. फोनवर कोड आला तर तो कुणालाही सांगायचा नाही, बापालाही नाही. पोरं ते शाळेत जाताना म्हणायची.

पण आमची गल्ली ती. चार दिवसांत फसवा मेल येणं ही अब्रूची गोष्ट होऊन बसली. मेल एकच असल्यामुळं कोणता कुणाचा हे ठरवावं लागे. परदेशातल्या एका श्रीमंत विधवेनं इस्टेट देऊ केली होती, ती उकंडरावांना दिली, कारण ते विधुर होते. ते त्या दिवशी दाढी करून आले. मतीनभाईंना जहाजभर लोखंड मिळालं. पुंजाजीला मात्र काहीच बसेना, आणि तो आतून जळायला लागला. एक दिवस सगळे उठून गेल्यावर तो मागं राहिला आणि हळूच म्हणाला, “गुलाब, माह्यात काय खोट हाय बे? मले काऊन कोणी फसवून नाही राह्यलं?” मी त्याची समजूत काढली, पण त्याला ती पटली नाही.

आणि मग तो मेल आला. बाजाराच्या आदली संध्याकाळ होती. अलीजा आणि राबियाभाभी वरवट बकालला मावशीकडच्या एका मंगनीला, साखरपुड्याला, गेल्या होत्या. मी मेल उघडला, इंग्रजी होता, वाचता वाचता मराठी करून सांगू लागलो. प्रिय उमेदवार, अभिनंदन, आपली नर्सिंगसाठी निवड झाली आहे. मतीनभाई बसल्या जागी ताठ झाले. मी पुढं वाचलं. उद्या कार्यालय बंद व्हायच्या आत खालच्या लिंकवर जाऊन आधार, गुणपत्रक आणि फोटो चढवावेत, अन्यथा जागा पुढच्या उमेदवाराला दिली जाईल.

मला काय स्फुरण चढलं म्हणून सांगू. खुणांची अशी भरगच्च गाडी मी पाहिली नव्हती. घाई होती, धाक होता, आनंदाची बातमी होती, लिंक होती, आधार मागितलं होतं आणि अलीजाचं नाव कुठंच नव्हतं, नुसतं प्रिय उमेदवार. मी एकेक खूण बोटावर मोजून दाखवली आणि लोक माना डोलवत गेले. मतीनभाईंचा चेहरा मात्र उतरत गेला. त्यांनी विचारलं, “पक्का नकली है क्या, गुलाबभाई?” मी म्हणालो, शंभर टक्के. आतून आमच्या गीताबाई चहा घेऊन आल्या होत्या. त्या म्हणाल्या, “लेकरू वाट पाहून राह्यलं ह्या चिठ्ठीची. राहू द्या न पडून. फेकाले काय घाई?” बायकोचं ऐकून निर्णय फिरवला असता तर ओट्यावरचा मान काय राहिला असता? मी मेल कचरापेटीत टाकला आणि कचरापेटी रिकामी केली. टाळ्याही पडल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी अलीजा जीपमधून उतरली ती थेट माझ्या ओसरीत. वरवट बकालला तिची वर्गमैत्रीण भेटली होती, तिला काल संध्याकाळी निवडीचा मेल आला होता, तसाच आपल्यालाही आला असेल म्हणून ही हरखून आली होती. तिनं मेलमधली वाक्यं सांगितली. शब्द न् शब्द तोच. मी सांगितलं, आला होता, पण मी तो टाकून दिला.

ती खांबाला धरून खाली बसली. मग विचारलं, “काका, कोणत्या पत्त्यावरून आला होता?” आणि तेव्हा मला कळलं की पत्ता मी पाहिलाच नव्हता. बाकीच्या खुणांचा आनंदच इतका झाला होता की पत्त्याची गरज वाटली नाही. आज संध्याकाळी कार्यालय बंद झालं की तिची जागा जाणार होती, आणि घालवणारा मी होतो. पोर मला एक वाकडा शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. ती उठली, म्हणाली, घरी माहितीपुस्तिका आहे, त्यात साइटचा खरा पत्ता असेल, मी पाहते, आणि पळत गेली.

इकडं मी फोन घेऊन बसलो. टाकलेला मेल परत कसा आणायचा ते शोधत होतो, तेवढ्यात नवा मेल आला. देवानं धाडला असं वाटलं. आदरणीय गुलाबराव, आपल्यासाठी आलेले काही महत्त्वाचे मेल सुरक्षेच्या कारणास्तव अडवून ठेवले आहेत, सवडीनं सोडवून घ्यावेत. मी लगेच खुणा लावल्या, उगीच नाही. घाई नव्हती, सवडीनं म्हटलं होतं. धाक नव्हता. नाव घेतलं होतं, वर आदरणीय म्हटलं होतं, जे आमच्या घरात कुणी म्हणत नाही. लिंकही नव्हती, एक निळं बटण होतं, मेल सोडवा. माझ्या यादीत लिंक होती, बटण नव्हतं. मी बटण दाबलं. पासवर्ड मागितला, तो भिंतीवर पाहून टाकला. तिथं आभार मानले गेले. लगेच फोननं विचारलं, दूरच्या ठिकाणाहून तुमचं खातं उघडलं आहे, तुम्हीच का? बोटाला सवय. होय, मीच.

थोड्या वेळानं गल्लीतली दारं एकामागून एक उघडू लागली. उकंडराव फोन घेऊन बाहेर आले, मतीनभाई आले, सगळे आले. ज्याच्या त्याच्या फोनवरचा मेल एकाच वेळी बंद पडला होता आणि नवा पासवर्ड मागत होता. सगळ्यांनी माझ्या भिंतीकडं पाहिलं, भिंतीवर जुनाच होता. मी काय केलं ते मला त्या क्षणी उमगलं, आणि नेमकी त्याच क्षणी अलीजा पळत आली. चेहरा असा फुललेला की पाहवत नव्हतं. तिनं पुस्तिकेतला पत्ता हातानं टाकून साइट उघडली होती, यादीत तिचं नाव होतं. मेल खरा होता. जागा तिचीच होती. फक्त पुढं जायला एक कोड लागत होता, आणि तो साइटनं नोंदवलेल्या ई-मेलवर पाठवला होता.

एवढ्या लोकांसमोर मी सांगितलं की ई-मेल गेला. कसा गेला तेही सांगितलं. कुणी हसलं नाही, त्यामुळं मला जास्तच लागलं. मतीनभाई उंबऱ्यावर बसले. आणि त्या चोराच्या हातात नुसता अलीजाचा कोड नव्हता, सगळ्या गल्लीचे आधार आणि सह्या होत्या. एका मदत केंद्राला फोन लावला तर तिथून सांगितलं की तक्रार घेतली आहे, पुढची माहिती आपल्या ई-मेलवर पाठवली आहे. मी फोन भिंतीवर मारणार होतो, गीताबाईंनी हात धरला.

डोकं ठिकाणावर होतं ते फक्त अलीजाचं. तिनं पासवर्ड विसरल्याचं बटण दाबलं. खातं काढताना जो फोन नंबर दिला होता त्यावर कोड जाईल असं आलं, आणि नंबरचे शेवटचे आकडे दिसले. ते माझे नव्हते. मग आठवलं. ज्या दिवशी बुलडाण्याला ई-मेल काढला त्या दिवशी माझा फोन बंद पडला होता आणि पाइप घ्यायला आलेला पुंजाजी सोबत होता. त्याचाच नंबर दिला होता, घरचाच माणूस म्हणून. पुंजाजीला फोन लावला, तर तो व्यस्त. पुन्हा लावला, व्यस्त. बाजारात गेलाय, असं त्याची सून म्हणाली. अलीजा पुटपुटली, चोरालाही जुना नंबर काढायचा असेल तर पुंजाजीकाकांचाच कोड लागेल, तोच त्यांच्याशी बोलत असेल. मग आम्ही पळालो.

धाडच्या बाजारात पळणं सोपं नाही. पुढं अलीजा, मागं मी, माझ्यामागं मतीनभाई आणि त्यांच्यामागं अख्खी गल्ली, असा लोंढा पाहून लोकांना वाटलं कुठं तरी काही फुकट मिळतंय, म्हणून तेही मागं लागले. माझी एक चप्पल मिरच्यांच्या ढिगाजवळ राहिली. वांगेवाल्याचा ढीग मी पायानं पसरवला, त्यानं आमच्या सात पिढ्यांची आठवण काढली. पुंजाजी कुठं दिसेना. मग मला उंदराचं औषध विकणारा दिसला. त्याच्याकडं माईक होता. मी तो हातातून ओढून घेतला आणि जन्मभराची सवय कामाला आली. कृपया लक्ष द्या, धाडचे पुंजाजी जिथं असतील तिथं त्यांनी फोन ताबडतोब बंद करावा, कुणालाही कोड सांगू नये आणि उंदराच्या औषधाजवळ यावं. औषधवाला म्हणाला की एवढं गिऱ्हाईक त्याच्याकडं कधी जमलं नव्हतं.

पुंजाजी मात्र आला नाही. तो अगदी मागंच होता, चहाच्या गाडीवर, बाकड्यावर पाय दुमडून, फोन कानाला लावून, चेहऱ्यावर लग्नघरच्या वडीलधाऱ्याचा आनंद. शेवटी त्याच्यावरही कुणीतरी नजर टाकली होती. तो चोराला आपल्या मोडक्या हिंदीत विचारत होता की तुमचं गाव कोणतं, शेती किती, लग्न झालं का, आणि या नोकरीत पगार वेळेवर मिळतो का. पलीकडचा माणूस कोड, कोड म्हणून रडकुंडीला आला होता. मी फोन हिसकावून त्याचं बोलणं तोडलं, अलीजानं तिच्या फोनवरून कोड मागवला, आणि मी म्हणालो, लवकर सांग, नवा कोड काय आलाय.

पुंजाजीनं फोन परत घेतला, छातीशी धरला आणि माझ्याकडं असं पाहिलं की मीच चोर. म्हणाला, “तूच म्हटलं होतं, बापालेही सांगायचा नाही. तू तं माहा बापही नाही.”

मी हात जोडले, पाया पडायला वाकलो, एका चपलेनिशी. साऱ्या बाजारासमोर. तो ढिम्म. वर म्हणाला की माणसानं एकदा काही ठरवलं की ठरवलं, आणि आता तर तुझाही भरवसा नाही, तूच पासवर्ड देऊन बसलास. हे त्याला कुणी सांगितलं कोण जाणे, बाजारात बातमी पायापेक्षा आधी पोचते. मी खरोखर रडायच्या बेतात होतो. तेव्हा अलीजा पुढं झाली आणि त्याच्याजवळ बाकड्यावर बसली. तिनं त्याला सांगितलं की तुमचं बरोबर आहे, मलाही सांगू नका. तुम्हीच तुमच्या हातानं माझ्या फोनवर टाका. पुंजाजीनं जरा विचार केला, ते त्याच्या तत्त्वात बसलं. मग त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, फोन हातभर लांब धरला आणि एका बोटानं एकेक आकडा टाकू लागला. सारा बाजार श्वास रोखून त्या बोटाकडं पाहत होता.

ई-मेल उघडला. अलीजानं वर पाहिलं आणि म्हणाली, “आता नवा पासवर्ड ठेवते. सगळे तिकडं पाहा.” मी सवयीनं वाकून पाहत होतो. “काका, तुम्हीपण.” मी तोंड फिरवलं. मतीनभाईंनी फिरवलं, उकंडरावांनी, गल्लीनं, आणि का ते माहीत नसलेल्या बाजारानंही. कोथिंबीरवालीनं तर पदरानं डोळे झाकले. अलीजानं पासवर्ड बदलला, बाकीच्या सगळ्या फोनांवरून खातं बाहेर काढलं, साइटवरून पुन्हा कोड मागवला, आणि मग एकेक कागद चढवू लागली. मध्ये नेटवर्क गेलं तेव्हा चहावाल्यानं तिला बाकड्यावर उभं केलं आणि आम्ही चौघांनी बाकडं धरलं. मी आकाशाकडं पाहत होतो, उन्हं कलली होती. नुसता गजानन महाराजांचा धावा चालला होता, आणि शेजारी मतीनभाईंचे ओठ हलत होते.

मग ती बाकड्यावरून खाली उतरली आणि बापाच्या गळ्यात पडली. जागा पक्की झाली होती. बाजारानं जो ओरडा केला तो मी विसरणार नाही. निम्म्या लोकांना काय झालं ते माहीत नव्हतं, तरी ओरडले. पुंजाजीनं सगळ्यांना चहा सांगितला. मतीनभाईंनी मला मिठी मारली, आणि मिठीतच कानाशी म्हणाले, “गुलाबभाई, कल से अपना मेल मैं अलग निकालूंगा. बुरा मत मानना.” बुरा मानण्याएवढी अब्रू माझ्याकडं शिल्लक नव्हती.

पुढचे दिवस निस्तरण्यात गेले. अलीजानं सगळ्यांच्या आधारला कुलूप लावून दिलं, प्रत्येकाचा वेगळा ई-मेल काढून दिला, पोलिसांत तक्रार लिहून दिली. बुलडाण्याच्या बाईंची राहिलेली महत्त्वाची गोष्टही तिच्याकडूनच कळली. शंका आली तर मेलवर विश्वासही ठेवायचा नाही आणि तो फेकायचाही नाही. तसाच ठेवायचा, आणि ज्यानं पाठवला असं म्हणतात त्यालाच, आपल्याला आधीपासून माहीत असलेल्या नंबरावर विचारायचं. एवढं साधं. ते ऐकायला मी एक गाडी सोडली असती तर काय झालं असतं?

भिंतीवरचा पासवर्ड गीताबाईंनी पोतेऱ्यानं पुसला. माझा मेल एकदम सुनासुना झाला. अलीजा अकोल्याला कॉलेजला गेली त्या दिवशी गल्ली स्टँडवर जमली होती, गाडी लागल्याचं सांगायला मी माईकपाशी नव्हतो याचं मला पहिल्यांदाच वाईट वाटलं नाही, कारण मी तिच्या खिडकीपाशी होतो.

नंतर एका दुपारी मला मेल आला. तिच्या स्वतःच्या ई-मेलवरून, पहिलाच. प्रिय काका, मी पोचले. खोलीत तिघी आहोत. उद्यापासून वॉर्ड सुरू. मिठाचं लक्षात ठेवा. मी पाठवणाऱ्याचा पत्ता वाचला, अक्षर न् अक्षर. घाई नव्हती, धाक नव्हता, काही मागितलं नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं. पण मी उठलो, तिचा नंबर लावला आणि विचारलं, “पोरी, मले मेल आला हाय. तूच पाठवला न?”

ती म्हणाली, “हाव काका, मीच.”

मग मी चष्मा पुसला आणि मेल पुन्हा पहिल्यापासून वाचला.